गुडघ्याचा ब्रेस सारखा खाली घसरतो? वरचा पट्टा आवळण्याआधी हे बघा

परवा एक काका आले. दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्यांनी दोनदा वाकून पँटवरूनच ब्रेस वर ओढला. बसल्यावर पँट वर केली तर बिजागरी वाटीच्या चार बोटं खाली, नडगीच्या बाजूला लटकलेली. मांडीचा सगळ्यात वरचा पट्टा मात्र इतका आवळलेला की त्याच्या वर मांसाची वळकटी आली होती. "आता आणखी घट्ट करायला जागाच नाही हो," ते म्हणाले, "पट्ट्याचं टोक संपलं."

ब्रेस बसवून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याचं पुढचं वाक्य मला पाठ असतं: "घालताना छान बसतो, अर्ध्या तासात खाली येतो." त्यावर घरी केलेला उपायही बहुतेक वेळा एकच असतो. वरचा पट्टा आवळायचा. त्याने तास-दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच, आणि वर मांडीवर लाल वळ.

हे लिहितोय ते दोन्ही बाजूंना बिजागरी असलेल्या गुडघ्याच्या ब्रेसबद्दल. लिगामेंटची दुखापत, झिजलेला गुडघा किंवा अशक्त झालेली मांडी यासाठी देतात तो. मनगट, पाऊल, कंबर यांचं थोडक्यात शेवटाकडे येईल.

आधी एक गोष्ट. पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय, किंवा त्यासोबत दम लागतोय, तर ब्रेसचा विचार बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. पट्टे सैल करूनही बोटं गार, पांढरी-निळी किंवा बधिर राहत असतील, किंवा दुखापतीच्या मानाने दुखणं भलतंच वाढत असेल, तरीही तेच. आणि ऑपरेशननंतर दिलेल्या लांब ब्रेसची बिजागरी ठराविक अंशावर लॉक केलेली असते. तो खाली सरकला म्हणून लॉकला हात लावू नका, ते अंश सर्जनने ठरवलेले असतात.

आवळल्याने का घसरतो

मांडी वर जाड, खाली निमुळती असते. अशा आकारावर पट्टा जितका आवळाल तितका तो निमुळत्या बाजूला, म्हणजे खाली सरकायला बघतो. ओली साबणवडी मुठीत दाबली की सटकते, तसंच. शिवाय मांडीचं मांस मऊ असतं. पट्ट्याखालचं मांस दबून वर-खाली पसरतं, दहा मिनिटांत तो पट्टा पुन्हा सैल वाटतो, आणि तुम्ही पुन्हा आवळता.

मग ब्रेस टिकतो कशावर? गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीचा फुगवटा सुरू होण्याआधी, पायाला एक बारीक जागा असते. हात मागे नेऊन बघा: गुडघ्याच्या मागची खोबण, तिच्या खाली थोडी सपाट जागा, आणि मग पोटरी फुगायला लागते. त्या फुगवट्याच्या लगेच वर जो पट्टा येतो, तोच ब्रेसचं सगळं वजन झेलतो. पोटरीचा फुगवटा त्याला खाली जाऊ देत नाही. हा पट्टा फुगवट्याच्या मधोमध किंवा त्याच्याही खाली लागला, तर वरचे सगळे पट्टे मिळूनसुद्धा ब्रेस धरून ठेवू शकत नाहीत.

काकांच्या ब्रेसला चार पट्टे होते. मी विचारलं, आधी कोणता लावता? "वरून सुरुवात करतो, खाली येत जातो." बहुतेक जण असंच करतात, सदऱ्याची बटणं लावल्यासारखं. इथे ते उलटं पडतं. वरचा पट्टा आधी लावला की ब्रेस तिथे अडकतो, आणि खालचा पट्टा जिथे पोचेल तिथे लागतो, जिथे हवा तिथे नाही.

कधी घसरतो ते आधी पकडा

एक बॉलपेन घ्या. ब्रेस नीट घातल्यावर वरच्या कडेला कातडीवर एक छोटी रेघ मारा, बिजागरीच्या मध्याशी दुसरी. मग नेहमीसारखं चाला. दहा मिनिटांनी बघा, मग तासाने. एखादा सेंटिमीटर ब्रेस खाली उतरतोच, त्याची काळजी नको. दोन बोटांपेक्षा जास्त सरकला तर कारण शोधायचं, आणि तो केव्हा सरकला यावरून कारण बरंचसं कळतं.

पहिल्या वीस-तीस पावलांतच खाली आला, तर घालण्याची पद्धत किंवा माप चुकलंय. चालताना ठीक असतो, पण बसताना-उठताना किंवा जिन्यावर दर वेळी थोडा थोडा उतरतो, तर बिजागरी चुकीच्या जागी आहे. तासाभराने, घाम आल्यावर घसरतो, तर ब्रेसखाली काय आहे ते बघायला हवं. महिनाभर उत्तम बसत होता आणि आता बसत नाही, तर ब्रेस तोच आहे, पाय बदललाय. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं आणि सगळ्यात कमी जणांच्या लक्षात येतं, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

घालायचा कसा

पाय सरळ ठेवून बसा. वाटीच्या मध्याच्या पातळीला गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. आता खुर्चीच्या अगदी कडेला या, गुडघा वाकवा, तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा. ब्रेसचे सगळे पट्टे मोकळे करून ब्रेस पायावर ठेवा. बिजागरीचा मध्य त्या खुणेवर, किंवा अगदी किंचित वर आला पाहिजे. पुढून-मागूनही बघा: बाजूने पाहिलं तर बिजागरी गुडघ्याच्या बरोबर मध्यावर नसते, थोडी मागे असते. गुडघ्याच्या जाडीचे शंभर भाग धरले तर साठ पुढे आणि चाळीस मागे राहतील अशी. बहुतेक लोक ती पुढे ओढून घेतात, कारण समोरून बघताना तिथे सरळ दिसते.

आता एका हाताने ब्रेस मागे, पायाकडे दाबून धरा आणि सगळ्यात आधी तो गुडघ्याखालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या लगेच वर येणारा पट्टा लावा. घट्ट, पण एक बोट आत जाईल इतका. मग मांडीचा गुडघ्याजवळचा पट्टा. मग उरलेले. सगळ्यात वरचा सगळ्यात शेवटी, आणि तो बाकीच्यांपेक्षा जरा सैलच असू द्या. उभे राहा, दहा-बारा पावलं चाला, गुडघा चार वेळा वाकवा, पुन्हा बसून त्याच क्रमाने एकेक पट्टा थोडा ओढा. हा दुसरा फेरा लोक टाळतात, पण पहिल्या चार पावलांत अस्तर आणि मांस दबतं, म्हणून तो लागतोच.

काही ब्रेसच्या पट्ट्यांवर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. असतील तर तोच क्रम पाळा. बनवणाऱ्याने त्या आराखड्यात कोणता पट्टा आधी धरायचा ते ठरवलेलं असतं. नसतील तर मी गुडघ्याखालच्या पट्ट्याच्या टोकाला लाल धाग्याचे चार टाके घालून देतो. वाचायला चष्मा लागत नाही, पहाटे अंधारातही कळतं. ऑपरेशननंतरचा लांब ब्रेस मात्र बसून घालायचा नसतो, तो पाय सरळ ठेवून, आडवं पडून घालतात. सर्जनने किंवा फिजिओथेरपिस्टने दाखवलं तसाच घाला.

बसता-उठता उतरतो

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच कण्याभोवती फिरत नाही. वाकताना मांडीच्या हाडाचं टोक खालच्या हाडावर घरंगळतं आणि त्याच वेळी घसरतंही, त्यामुळे फिरण्याचा मध्य वाकण्यासोबत जागा बदलत राहतो. ब्रेसची बिजागरी हे काही अंशी सांभाळून घेते. दोन दातेरी चाकांची बिजागरी एका खिळ्याच्या बिजागरीपेक्षा जास्त सांभाळते. पण ती मुळातच दोन-तीन सेंटिमीटर खाली किंवा पुढे बसली असेल, तर पाय आणि ब्रेस वेगवेगळ्या वळणांवर फिरतात. दर वेळी वाकताना ब्रेस पायावर थोडा वर-खाली होतो, पिचकारीच्या दट्ट्यासारखा, आणि त्यातला थोडा भाग दर वेळी खालीच राहतो.

तपासायला सोपं आहे. आरशासमोर खुर्चीवर दहा वेळा बसा-उठा आणि मांडीवरच्या कडेकडे बघा. कड कातडीवर मागे-पुढे घासताना दिसली, किंवा बसल्यावर मांडी आणि ब्रेस यांच्यात फट पडली, तर बिजागरी हलवायची. एक सेंटिमीटर वर, पुन्हा दहा वेळा. एक सेंटिमीटर मागे, पुन्हा दहा वेळा. मांडीवरचा वळ कमी होतो ती जागा बरोबर.

पाय बदलतो

काकांचं लिगामेंट फाटून पाच आठवडे झाले होते. पहिल्या दिवशी घेतलेली मापं आमच्या वहीत होती: वाटीच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर ४७ सेंटिमीटर, १५ सेंटिमीटर खाली पोटरीचा ३५. टेप पुन्हा लावला. मांडी ४३.५, पोटरी ३४. चांगल्या पायाची मांडी ४८ होती. म्हणजे ज्या पायाला तो ब्रेस बसवला होता तो पायच आता राहिला नव्हता, आणि पट्ट्याचं टोक संपलं ते त्यामुळेच.

गुडघ्याला दुखापत झाली की मांडीच्या पुढचा स्नायू फार लवकर वाळतो. सांध्यात पाणी साठलं की मज्जारज्जूकडून त्या स्नायूला येणारा हुकूम कमजोर होतो. त्यात दुखणं आणि न चालणं यांची भर. लोक म्हणतात, ब्रेस घातल्यामुळे मांडी बारीक झाली. ब्रेसवर मी तेवढा दोष टाकणार नाही, पण ब्रेस घातलाय म्हणून व्यायाम सोडणं हे नक्कीच दोषाचं आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळायची, पाच मोजायचं, सोडायचं, असे साधे व्यायाम बहुतेकांना पहिल्या आठवड्यापासून सांगितलेले असतात. किती आणि कधी ते तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारा. ऑपरेशन झालं असेल तर मनाने सुरू करू नका.

दुसरा बदल सुजेचा. सूज असताना माप घेतलं तर सूज उतरल्यावर ब्रेस मोठा होणारच. रोजच्या रोजही पाय बदलतो, संध्याकाळी थोडा जाड आणि रात्रभर आडवं पडल्यावर सकाळी बारीक. सकाळी ज्या खुणेवर पट्टा लावता ती संध्याकाळी जास्त घट्ट वाटली तर त्यात बिघाड काही नाही. दिवसातून दोन-तीनदा पट्टे पुन्हा लावावे लागतातच. माप घेताना एकच वेळ ठरवा, एकाच उंचीवर घ्या, टेप कातडीत रुतू देऊ नका, आणि तारखेसह लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक ओळ पुरे.

माप बदललंय हे कळल्यावर काय करायचं? दोन-एक सेंटिमीटरचा फरक असेल तर आतली पॅड बदलून भागतं. बऱ्याच ब्रेससोबत गुडघ्याच्या बाजूच्या हाडांवर बसणाऱ्या दोन-तीन जाडीच्या पॅड येतात. त्या डब्यातच पडून राहतात, कारण त्या कशासाठी आहेत ते कुणी सांगितलेलं नसतं. जाड पॅड लावली की पकड गुडघ्याच्या हाडावर येते आणि मांडीच्या मांसावरचा भार कमी होतो.

पट्टा संपला असेल तर तो कापता येतो. त्याच्या टोकाला मगरीच्या जबड्यासारखी उघडणारी वेल्क्रोची चिमटी असते. ती उघडून काढायची, पट्टा कापायचा, चिमटी पुन्हा चावून लावायची. पट्टा लांब राहिला की वेल्क्रो मऊ भागाच्या पलीकडे जाऊन कापडावर टेकतो आणि धरतच नाही. कित्येकदा घसरण्याचं कारण एवढंच असतं. कापताना एका वेळी एक सेंटिमीटरच कापा. त्या दिवशी मी काकांच्या वरच्या दोन पट्ट्यांचे चार सेंटिमीटर एकदम कापले, ते कसं अंगाशी आलं ते शेवटी सांगतो.

घेर आकाराच्या तक्त्यातल्या खालच्या खान्यात गेला असेल तर लहान माप घ्या. मांडी एका खान्यात आणि पोटरी दुसऱ्या खान्यात येत असेल तर? माझं मत, पोटरीच्या मापाने जा. ब्रेस तिथेच टिकतो. मांडीकडचा भाग पट्ट्याने आणि पॅडने जुळवता येतो, पोटरीकडचा फारसा येत नाही.

घाम, तेल आणि खालचं कापड

ब्रेस पँटवर घालू नका. कापड कातडीवर सरकतं आणि ब्रेस कापडावर, म्हणजे दोन ठिकाणी घसरगुंडी. पाय उघडा हवा, किंवा ब्रेससाठीच बनवलेला पातळ, घट्ट मोजा हवा. ब्रेस घालायच्या आधी पायाला तेल, मलम किंवा मॉइश्चरायझर लावत असाल तर ते रात्रीवर ढकला. आत सिलिकॉनच्या रेघा असतील तर त्या ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. घामाचा आणि कातडीच्या मळाचा थर बसला की सिलिकॉनची पकड जाते, आणि लोकांना वाटतं ब्रेस जुना झाला. पावडर टाकू नका. घाम शोषते खरी, पण ओली झाली की सिलिकॉनवर लगदा बसतो आणि पकड आणखी जाते.

निओप्रीनची म्हणजे काळ्या रबरी कापडाची नी कॅप घाम बाहेर जाऊ देत नाही. उब देते म्हणून दुखऱ्या गुडघ्याला ती बरी वाटते, पण दिवसभर घातली की आत ओलं होतं. घामोळं उठलं तर काढून हवा लागू द्या. पण जिथे जिथे कापड टेकतं बरोबर तेवढ्याच आकाराचा खाजरा, लाल चट्टा उठत असेल आणि तो दिवसेंदिवस वाढत असेल, तर ती निओप्रीनची अॅलर्जी असू शकते. हे रबर पक्कं करताना थायोयुरिया गटातली रसायनं वापरतात, आणि त्यांची अॅलर्जी काही जणांना होते. त्यावर मलम लावून तीच कॅप घालत राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कापडाची घ्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

वेल्क्रो धरत नाही

स्विस इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल १९४१ साली कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, तर कुत्र्याच्या केसांत आणि कपड्यांना काटेरी बोंडं चिकटलेली. रानातून आल्यावर आपल्याही धोतरा-परकराला आघाडा चिकटतो, तशी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला त्या काट्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली दिसली, आणि तिथून वेल्क्रो निघाला. एका पट्टीवर आकडे, दुसरीवर मऊ फासे. आता ब्रेसच्या आकडेवाल्या पट्टीकडे बघा: केस, धागे, मोज्याची लव, चादरीचा कापूस. आकडे भरलेले असले की फासे अडकणार कशात?

दाते दूर असलेल्या फणीने किंवा जाड सुईने आकड्यांच्या ओळींमधून कचरा ओढून काढा, मग कोरड्या टूथब्रशने झाडा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे "खराब झालेले" पट्टे त्याने पुन्हा कामाला लागतात. आकडे नीट दिसत असूनही पकड नसेल तर मऊ बाजू चेपलेली असते. तीही ब्रशने उलट दिशेने उभी करता येते. आकडेच वाकून सपाट झाले असतील तर पट्टा बदलायचा. पट्टे वेगळे मिळतात, अख्खा ब्रेस बदलायची गरज नसते.

धुताना अस्तर काढून, सगळे वेल्क्रो बंद करून, कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कपडे मऊ करायचं द्रावण वापरू नका, त्याने पकड जाते. ब्रेसचा धातूचा सांगाडा हीटरवर किंवा गाडीच्या काचेमागे तापत ठेवू नका, आतली फोमची पॅड आकार सोडते.

घट्ट किती, हे कातडी सांगते

ब्रेस काढल्यावर लाल खुणा दिसणं नेहमीचं आहे. त्या वीस-तीस मिनिटांत जायला हव्यात. त्यानंतरही राहिल्या, फोड आला, किंवा कातडी काचून सोललेली दिसली तर त्या जागी दाब जास्त आहे. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी असेल तर दुखण्याच्या भरवशावर बसू नका, ब्रेस काढल्यावर रोज डोळ्यांनी बघा, मागची बाजू आरशात.

एका जागेची मात्र खास काळजी घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बारीक हाडाचा गोल उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते, आणि तीच पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. ब्रेसची कड किंवा आवळलेला पट्टा तिथे दाबला गेला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, आणि पुढे पाऊल उचलणं जड होतं, चालताना तळवा जमिनीवर फटकन आपटतो. असं जाणवलं की पट्टा ताबडतोब सोडा. मुंग्या किंवा अशक्तपणा गेला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. ब्रेस घसरू नये म्हणून खालचा पट्टा करकचून आवळणाऱ्यांना हा धोका सगळ्यात जास्त. एक बोट आत जायलाच हवं.

सगळं बरोबर करूनही घसरतो

काही पायांवर तयार मापाचा ब्रेस टिकतच नाही. मांडी वर खूप जाड आणि गुडघ्याशी एकदम बारीक, किंवा पोटरीला फुगवटाच नाही, सरळ काठीसारखी. अशा पायावर माणूस आपलीच काही चूक समजून महिनाभर झगडतो, ते मला बघवत नाही. इथे साच्यावरून बनवलेला ब्रेस, जास्त लांबीचा सांगाडा, किंवा कमरेच्या पट्ट्याला ब्रेस टांगून धरणारी पट्टी असे मार्ग आहेत. लांबीने फरक पडतो, कारण ब्रेस सांध्याला तीन ठिकाणी दाबून सावरतो, मध्ये एका बाजूने आणि दोन टोकांना उलट बाजूने. टोकं जितकी दूर तितका प्रत्येक ठिकाणी दाब कमी लागतो. आखूड ब्रेस हलका दिसतो म्हणून लोक तो मागतात आणि मग तो आवळत बसतात.

बाकीच्या अवयवांचं झटपट. पाऊल लोंबतं म्हणून दिलेल्या प्लास्टिकच्या स्प्लिंटमधून टाच वर उचलली जात असेल तर घोट्यावरचा पट्टा आधी लावा, टाच मागे खोल टेकवून. टाचेच्या वेगळ्या उंचीचा बूट घातला तर त्याच स्प्लिंटचा कोन बिघडतो, हेही लक्षात ठेवा. मनगटाचा स्प्लिंट बोटांकडे सरकतो तेव्हा मनगटावरचा पट्टा आधी लावा. त्याची पुढची कड तळहाताच्या बोटांजवळच्या रेषेच्या आत हवी, मूठ वळता आली पाहिजे. मनगटात नस दबली असेल तर आतली धातूची पट्टी बहुतेक वेळा वर वाकवलेली येते, आणि मनगट सरळ ठेवायला सांगितलं असेल तर ती काढून सरळ करावी लागते. ते बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. कोपराचा पट्टा दुखऱ्या हाडावर बांधायचा नसतो, त्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागावर. कंबरेचा पट्टा बसल्यावर वर चढत असेल तर तो मुळातच उंच बांधलाय. उभं असताना तो कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसलेला हवा. झोळीतून कोपर मागे निसटत असेल तर झोळी आखूड आहे, आणि हात कोपरापेक्षा खाली लोंबायला नको.

काकांचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी पॅड बदलली, लाल धागा घातला, पट्टे कापले, आणि ब्रेस खुणेवर बसला. सहा आठवड्यांनी ते परत आले. खुर्चीच्या कडेला बसले, तळपाय टेकवला, न सांगता आधी लाल धाग्याचा पट्टा लावला. बिजागरी जागच्या जागी. पण मांडीच्या पट्ट्याची चिमटी मऊ भागापर्यंत पोचेना. टेप लावला तर मांडी ४६. रोजचा व्यायाम एक दिवसही चुकवला नव्हता म्हणे. मी कापलेले चार सेंटिमीटर आता हवे होते, आणि ते कचऱ्यात गेले होते. नवे पट्टे मागवले. तोवर जुन्या पॅड काढून पातळ लावल्या आणि वहीत तारीख टाकून ४६ लिहिलं.